वाफ एवढी जास्त, मग दोष कार्बनला का?

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "हवेत पाण्याची वाफ कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त असते. उष्णता अडवण्यातही तीच पुढे, हे शास्त्रज्ञसुद्धा मान्य करतात. मग तापमानवाढीचं खापर कार्बनवर का फोडता? आणि वाफच दोषी असेल, तर आमची शेततळी, आमचं ओलीत, नागपुरातले घरोघरचे कूलर, हे सगळे मिळून पृथ्वी तापवतात का?"

भाऊ, तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच पुढचा निष्कर्ष पटकन गळी उतरतो. माझी नोकरी हवामान निरीक्षणात गेली. ड्राय बल्ब (साधा) आणि वेट बल्ब (ओलं कापड गुंडाळलेला) हे दोन तापमापक वाचून हवेतली वाफ मोजणं हे रोजचं काम होतं. त्यामुळे या वाफेची बाजू आधी नीट मांडतो आणि मग ती आरोपी का ठरत नाही ते सांगतो.

पृथ्वीवर हरितगृह परिणाम (हवेतल्या वायूंनी उष्णता अडवून धरणं) नसता तर सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे. हा जो ३३ अंशांचा फरक आहे, त्यातला साधारण अर्धा वाटा पाण्याच्या वाफेचा, सुमारे पाव वाटा ढगांचा आणि साधारण पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइडचा. उरलेलं थोडंसं मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन वगैरेंचं. म्हणजे वाफ पहिल्या क्रमांकावर आहे, यात वाद नाही. वाद पुढच्या प्रश्नावर आहे: हवेत वाफ किती राहणार, हे ठरवतं कोण?

उत्तर आहे तापमान. वाफ स्वतःहून वाढत नाही आणि स्वतःहून टिकतही नाही. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ ती सामावू शकते. दर एका अंशामागे ही क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. क्षमतेपेक्षा जास्त वाफ आली की दव, धुकं, ढग, पाऊस, काहीतरी होऊन ती खाली येते.

हे नागपूरच्याच हवेवर करून बघू, कारण इथे एक गैरसमज फार पक्का आहे. मे महिन्यातली हवा कोरडी ठणठणीत आणि डिसेंबरच्या पहाटेची हवा दमट, असं सगळेच म्हणतात. आता हिशेब बघा. मे महिन्यातली दुपार, तापमान ४४ अंश, आर्द्रता २० टक्के: एका घनमीटर हवेत वाफ निघते सुमारे साडेबारा ग्रॅम. डिसेंबरची पहाट, १२ अंश, आर्द्रता ८० टक्के: वाफ फक्त साडेआठ ग्रॅम. म्हणजे ओठ फुटायला लावणाऱ्या त्या मे महिन्यातल्या हवेत डिसेंबरच्या ओलसर पहाटेपेक्षा जवळजवळ दीडपट पाणी असतं. आणि जुलैत झड लागलेली असताना, २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला, ते २३ ग्रॅमच्या आसपास जातं. बातम्यांत येणारी टक्केवारी ही हवेच्या क्षमतेशी तुलना असते, प्रत्यक्ष पाण्याचं माप नसतं. क्षमता तापमानाबरोबर एवढी झपाट्याने बदलते की टक्क्यांवरून पाण्याचा अंदाज बांधायला गेलं की फसायला होतं. हवामानबदलाच्या चर्चेतला अर्धा गोंधळ इथून सुरू होतो, असं माझं मत आहे.

आता दुसरी गोष्ट, वाफ टिकते किती दिवस. पृथ्वीवरच्या हवेतली सगळी वाफ एका क्षणात पाणी होऊन पडली, तर जमिनीवर आणि समुद्रावर मिळून सरासरी २५ मिलिमीटरचा थर होईल. जगाचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे १००० मिलिमीटर (नागपूरचाही त्याच्याच जवळपास, थोडा जास्त). म्हणजे वर्षभरात हवेतलं पाणी चाळीस वेळा पूर्ण रिकामं होऊन पुन्हा भरतं. ३६५ ला ४० ने भागा: नऊ दिवस. आज तुमच्या बागेतून वर गेलेला वाफेचा कण साधारण आठवडा-दहा दिवसांत कुठेतरी पाऊस किंवा दव होऊन खाली आलेला असतो.

कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो आपल्या हवेत गोठत नाही (वाफेसारखा थंड होऊन त्याचे थेंब होत नाहीत), पावसाने धुऊन जात नाही. आपण सोडलेल्यातला साधारण अर्धा समुद्र आणि झाडं-जमीन मिळून घेतात, उरलेला हवेत साचतो. त्यातला काही भाग शेकडो वर्षं आणि काही हजारो वर्षं राहतो. औद्योगिक काळाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर सलग मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे.

नागपूरजवळच्या कोराडीच्या रस्त्याने थंडीत सकाळी कधी गेला असाल तर औष्णिक केंद्राच्या त्या रुंद, कमरेत बारीक टॉवरमधून पांढरे लोट निघताना पाहिले असतील. बघणारे म्हणतात, बापरे, किती प्रदूषण! ते लोट म्हणजे थंड करण्याच्या पाण्याची वाफ, थंड हवेत बारीक थेंब होऊन दिसणारी. थोडं वर गेलं की विरून जाते. कोळसा जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड शेजारच्या उंच चिमण्यांतून जातो आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. कोळशाच्या एका युनिट विजेमागे ढोबळमानाने एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि थंड करण्यात दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन उडतं. वजनाने बघितलं तर वाफच जास्त! पण ती वाफ दहा दिवसांत परत जमिनीवर, आणि तो एक किलो वायू, त्यातला बराचसा, आपल्या नातवंडांच्या काळातही हवेतच. कुठली गोष्ट किती सोडली यापेक्षा ती किती काळ साचून राहते, यावर सगळं ठरतं.

म्हणून हवामानशास्त्रात या दोघांना वेगळी कामं दिलेली आहेत. कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांच्यासारखे न गोठणारे वायू तापमान ढकलतात. तापमान वाढलं की समुद्रातून जास्त वाफ वर येते आणि टिकते, ती आणखी उष्णता अडवते, आणि मूळ वाढ मोठी होते. वाफ ही वाढवणारी आहे, सुरुवात करणारी नाही. आकड्यांत सांगायचं तर, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि बाकी काहीच बदललं नाही, तर तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढेल. वाफ, ढग, वितळणारा बर्फ हे सगळे धरले की तीच वाढ ३ अंशांच्या घरात जाते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालाने शक्यतेचा पट्टा अडीच ते चार अंश असा दिला. एकट्या कार्बनच्या परिणामाला साधारण दुपटीपर्यंत नेण्याचं काम मुख्यतः वाफ करते. म्हणजे "वाफ फार प्रभावी आहे" हा मुद्दा कार्बनची सुटका करत नाही. वाफ जितकी प्रभावी, तितका कार्बनच्या प्रत्येक टनाचा परिणाम मोठा.

याची उलट बाजूही तपासून झाली आहे. नासातल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये संगणकावरच्या पृथ्वीतून न गोठणारे सगळे हरितगृह वायू काढून टाकले, वाफेला मात्र हात लावला नाही. वाफ खरोखर मालक असती तर तिने उष्णता सांभाळायला हवी होती. झालं असं की पहिल्याच वर्षात सरासरी तापमान साडेचार अंशांनी उतरलं. हवा थंड झाली तशी वाफ गळत गेली, वाफ गेली तशी थंडी वाढली, आणि पन्नास वर्षांत पृथ्वी शून्याखाली २१ अंशांवर गेली. हवेत वाफ उरली मूळच्या दहाव्या हिश्श्याएवढी.

संगणकावर विश्वास नाही म्हणाल, तर प्रत्यक्षातलं उदाहरण देतो. मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेला पुरावा हाच आहे. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला. सुमारे दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे पावसाच्या ढगांच्याही वरच्या थरात गेला, त्याच्या बारीक कणांनी ऊन अडवलं आणि पुढच्या वर्षभरात जग जवळपास अर्ध्या अंशाने थंड झालं. वाफ जर तापमानाच्या मागे चालत असेल तर हवेतली वाफही कमी व्हायला हवी. उपग्रहांच्या नोंदींत ती खरंच कमी झालेली दिसली. ब्रायन सोडेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं: संगणकाच्या मॉडेलमध्ये वाफेचा हा प्रतिसाद ठेवला की थंडावा प्रत्यक्षाशी जुळतो, तो काढून टाकला की मॉडेलमधली पृथ्वी पुरेशी थंडच होत नाही. निसर्गाने स्वतः तापमान खाली करून दाखवलं आणि वाफ मागोमाग खाली आली.

"शास्त्रज्ञ वाफेचा विचारच करत नाहीत" असं जे सांगितलं जातं, त्याचं मला वाईट वाटतं, कारण या विषयाची सुरुवातच वाफेपासून झाली आहे. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दमट हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त तापतात हे नोंदवलं. १८५९ पासूनच्या प्रयोगांत जॉन टिंडल यांनी पाण्याची वाफ अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतली) उष्णता किती जोरात शोषते हे मोजलं. १८९६ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड वाढला तर काय होईल याचा हिशेब केला, तेव्हा तापमानाबरोबर वाढणारी वाफ त्यांनी त्यात धरली होती. आणि १९६७ मध्ये स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी दोन्ही तऱ्हांनी करून दाखवलं: वाफेचं प्रमाण बदलूच दिलं नाही तर दुप्पट कार्बनला सुमारे १.३ अंश वाढ, वाफ तापमानाबरोबर वाढू दिली तर सुमारे २.३ अंश. मनाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

अजून एक शंका तुमच्या प्रश्नात नाही, पण या वादात ती हमखास येते: खालच्या हवेत वाफच एवढी आहे की ती सगळी उष्णता शोषून टाकते, मग कार्बन वाढला काय नि न वाढला काय? याचं उत्तर फुग्यात आहे. नागपुरातल्या सोनेगावच्या वेधशाळेतून हायड्रोजन भरलेला फुगा रोज सोडतात. जगभर ठरलेल्या वेळा भारताच्या घड्याळाने पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या. त्याला टांगलेलं यंत्र वर जाताजाता तापमान, दाब, आर्द्रता कळवत राहतं. ते आकडे बघण्याची सवय झाली की एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: वाफ तळाशी असते. साधारण दर दोन किलोमीटरला ती निम्म्याहून कमी होते, आणि दहा किलोमीटरवर हवा एवढी थंड की वाफ नावालाच उरते. (इतक्या वर आर्द्रतेचे सेन्सर थंडीने मंदावतात, त्यामुळे वरच्या हवेसाठी उपग्रहांवर जास्त भिस्त ठेवावी लागते.) कार्बन डायऑक्साइड मात्र खालपासून वरपर्यंत सारख्याच प्रमाणात मिसळलेला. पृथ्वीची उष्णता शेवटी अवकाशात निसटते ती या वरच्या, कोरड्या, थंड थरांतून. तिथे कार्बन वाढला की निसटण्याची जागा आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. थंड हवा कमी उष्णता सोडते. हिशेब जुळेपर्यंत खालची जमीन तापत राहते. शिवाय वाफ उष्णतेच्या सगळ्या तरंगलांबी अडवत नाही. आठ ते बारा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पट्ट्यात ती बरीच पारदर्शक आहे, आणि पंधरा मायक्रॉनच्या भोवती कार्बन डायऑक्साइडची पकड जबर आहे.

मग वाफेने उष्णता, उष्णतेने आणखी वाफ, असं करत पृथ्वी उकळूनच का जात नाही? कारण प्रत्येक फेरीत भर कमी होत जाते. ढोबळ मानाने एका अंशामागे वाफेची भर अर्धा अंश, त्या अर्ध्यामागे पाव, मग अष्टमांश. बेरीज दोनच्या जवळ जाऊन थांबते. तापलेली पृथ्वी जास्त जोराने उष्णता बाहेरही फेकते, तो लगाम मोठा आहे.

वाफ आठवडा-दहा दिवसांत खाली येते, याला एक खरा अपवाद आहे आणि तो लपवू नये. १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळचा हुंगा टोंगा हा समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला आणि सुमारे १५ कोटी टन पाण्याची वाफ थेट स्थितांबरात गेली. त्या थरातलं पाणी एका दिवसात साधारण दहा टक्क्यांनी वाढलं. तिथे पाऊस पडत नाही, म्हणून ही वाफ नऊ दिवसांत उतरली नाही, काही वर्षं रेंगाळली. २०२३-२४ ची विक्रमी उष्णता काहींनी तिच्या माथी मारली. पण त्याच स्फोटाने ऊन अडवणारे कणही वर नेले होते, आणि दोन्ही मिळून उरणारा परिणाम एवढ्या मोठ्या वाढीचा खुलासा करण्याइतका नव्हता.

इथवर जगाचं झालं. वाफ वाढल्याचं आपल्याकडे काय दिसतं? एकूण वाफ जगभर दशकामागे साधारण एक ते दोन टक्क्यांनी वाढते आहे, म्हणजे तापमान जसं वाढतंय त्याला धरूनच. याचा पहिला फटका रात्रींना बसतो. कोरड्या, निरभ्र रात्री जमिनीची उष्णता भराभर अवकाशात जाते; २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता तो असल्याच हवेत. वाफ जास्त असली की रात्र थंड होत नाही. २३ मे २०१३ च्या ४७.९ अंशांसारखे दिवस लोकांच्या लक्षात राहतात, पण शरीराला सावरायला वेळ न देणाऱ्या गरम रात्रीही फार घातक ठरतात, आणि त्यांची बातमी होत नाही.

दुसरा फटका पावसाचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांच्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या लाटा होत्या. एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. म्हणजे तोच किंवा कमी पाऊस, पण मोठ्या टप्प्यांत आणि मध्ये लांब उघाडी. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या एका रात्रीचं कारण एकट्या तापमानवाढीवर मी टाकणार नाही. नाल्यांवरची बांधकामं तितकीच जबाबदार. पण गरम हवा जास्त पाणी घेऊन येते आणि एका दमात ओतते, हे भौतिकशास्त्र पक्कं आहे.

आता तुमचं ओलीत. जगभरात समुद्र, जमीन, झाडं मिळून वर्षाला सुमारे पाच लाख घन किलोमीटर पाणी वाफ होऊन वर जातं. सगळ्या जगाच्या सिंचनातून उडणारं पाणी त्याच्या एक टक्काही भरत नाही, आणि तेही दहा दिवसांत परत येतं. त्यामुळे शेततळ्याने, ठिबकने किंवा आंबिया बहाराला उन्हाळाभर दिलेल्या पाण्याने पृथ्वी तापत नाही. स्थानिक परिणाम मात्र होतो आणि तो दोन्ही बाजूंनी होतो: बाष्पीभवनात उष्णता खर्च झाल्यामुळे बागेतली दुपार शेजारच्या उघड्या वावरापेक्षा थंड राहते, पण दमटपणा वाढतो आणि तिथे राबणाऱ्या माणसाचा घाम लवकर वाळत नाही. शेततळ्याबाबत तुम्ही काळजी करायची ती बाष्पीभवनाने वाया जाणाऱ्या पाण्याची. सावली, कडेची झाडं, जमलं तर आच्छादन यांचा विचार त्यासाठी करा.

कूलरचं तसंच. मे महिन्यात ४४ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला वेट बल्ब (पाणी उडवून हवा जिथवर थंड होऊ शकते ते तापमान) २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे कूलरला खाली यायला भरपूर वाव असतो. त्याने उडवलेलं पाणी हवामान बिघडवत नाही. हिशेबात धरायचं ते त्याच्या पंख्याला आणि पंपाला लागणाऱ्या विजेमागचा कोळसा, आणि तोही एसीच्या तुलनेत फार थोडा. मृग लागल्यावर कूलरची हवा चिकट होते, कारण तेव्हा वेट बल्बच २७-२८ वर गेलेला असतो. पाणी कितीही सोडा, खोली त्याच्याखाली जाणार नाही.

मजुरांना उन्हात पाठवताना एक आकडा जरूर बघा. मोबाइलवर हवामान उघडलं की आर्द्रतेच्या टक्क्यांखाली बहुधा ड्यू पॉइंट (हवा जिथवर थंड झाली की दव पडू लागतं ते तापमान) दिलेला असतो. हवेत पाणी खरोखर किती आहे ते तो सांगतो. नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) तो १६-१७ असेल तर घाम वाळतो. तेव्हा भीती उन्हाची आणि अंगातलं पाणी कमी होण्याची, म्हणून पाणी, मीठ-साखर आणि सावली सांभाळा. तोच ड्यू पॉइंट २५ च्या पुढे आणि तापमान ३८ असेल, तर आकडा ४४ पेक्षा कमी दिसला तरी घाम लवकर वाळत नाही आणि नुसत्या सावलीत बसून शरीर पुरेसं थंड होत नाही. अशा दिवशी छाटणी, फवारणी पहाटे उरकून दहापर्यंत माणसं घरी पाठवलेली बरी.